गार नळी, गरम हवा

अण्णा : ...ते पत्र आलं, तेव्हा तुझ्या लग्नाला बारा दिवस राहिले होते. मी त्याला उत्तरच दिलं नाही.

लेक : कुणाचं पत्र, अण्णा? मी गाडीचं विचारतेय आणि तुम्ही हे काय मधेच काढलंत?

अण्णा : तू आल्या आल्या म्हणालीस, सहाच्या आत एसी नीट झाला पाहिजे. घाई सगळीच गिऱ्हाईकं करतात, पण त्यांचा आवाज असा होत नाही. म्हणून आठवलं. सांगतो. आधी बॉनेट उघड. गरम हवा कधी येते?

लेक : काही नेम नाही. निघताना गार असते. मग एखादा खड्डा, एखादं वळण, आणि एकदम भट्टी. दहा मिनिटांनी पुन्हा आपोआप गार. दुसऱ्या गॅरेजात दोनदा दाखवली. दोन्ही वेळा गॅस भरून दिला त्यांनी.

अण्णा : बाप तीस वर्षं एसीचंच काम करतो आणि गाडी दुसऱ्या गॅरेजात.

लेक : ह्यांनी नेली. म्हणाले, तुझ्या बापाच्या टपरीत नको. आता तिथूनही जमलं नाही म्हणून आज मला पाठवलं.

अण्णा : हं. इंजिन चालू कर. गरम येते तेव्हा पंख्याचा जोर कमी होतो का?

लेक : नाही. जोर तेवढाच.

अण्णा : गेज लावलेत. दोन्ही काटे हवे तिथेच आहेत. गॅस पुरेसा आहे. कॉम्प्रेसरही टक् करून लागतोय, ऐक. आता कशी येतेय हवा?

लेक : गरम. आत्ता, या क्षणाला गरम यायला लागली.

अण्णा : बरं झालं. नाहीतर डॉक्टरसमोर आलं की ताप उतरतो. इकडे ये, ही जाड नळी धर.

लेक : गार आहे. बर्फासारखी.

अण्णा : म्हणजे गारवा तयार होतोय, आत शिरताना बिघडतोय. गॅसचा यात काही... ठमे, तुझी बाही वर गेली.

लेक : असू दे.

अण्णा : कशाने झालं हे?

लेक : दारात सापडला हात.

अण्णा : दारात सापडला तर एक आडवा वळ येतो. हे मनगटाभोवती फिरलंय.

लेक : अण्णा, सहाला ते स्वतः येणार आहेत. तुम्ही गाडी बघा ना.

अण्णा : बघतो. गाडी बघण्यातच जन्म गेला. इंजिन बंद कर. मला डॅशबोर्ड उघडायचाय, आधी फ्यूज काढून घेतो.

लेक : डॅशबोर्ड कशाला?

अण्णा : आत एक झडप असते. एका बाजूला गार हवा, दुसऱ्या बाजूला हीटरची. ही झडप ठरवते, तुझ्यापर्यंत कुठली येणार. तिला फिरवायला काडेपेटीएवढी मोटर असते. ती या गाडीत समोरच्या कप्प्यामागे आहे. कप्प्याचं झाकण कधी बदललं?

लेक : कशावरून बदललं?

अण्णा : बाकी डॅशबोर्ड उन्हाने पांढरट पडलाय. हे झाकण काळंभोर आहे.

लेक : जुनं सैल झालं होतं.

अण्णा : टॉर्च धर. अशी नाही, खालून. हं. हे बघ. मोटरचं कवच चिरलंय. आतल्या चाकाचे तीन दात गेलेत. खड्डा आला की झडप घसरते आणि गरम बाजू उघडते, पुन्हा हिसका बसला की दात धरतात. हे झिजून नाही गेलेलं. मागची लोखंडी पट्टीसुद्धा आत वाकलीय. इथे कुणीतरी घाव घातलाय, ठमे. आणि हाताने नाही. या बाजूला कोण बसतं?

लेक : मी.

अण्णा : सीटखाली काय आहे ते?

लेक : स्टेअरिंगला लावायचा दांडा. चोरी होऊ नये म्हणून.

अण्णा : दांडा इथे कसा लागला?

लेक : मी मान मागे घेतली.

अण्णा : काय?

लेक : मी मान मागे घेतली, म्हणून तो कप्प्यावर बसला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः नवं झाकण घेऊन आले. बसवलं, पुसलं, मला म्हणाले, बघ, होतं तसं झालं की नाही. त्याच आठवड्यापासून हवा गरम यायला लागली. त्यांना वाटतं, मीच बटणं फिरवते. मुद्दाम. त्यांच्या डोक्याला ताप व्हावा म्हणून. मागच्या शनिवारी गाडी उन्हात लावली, काचा वर केल्या, दारं बाहेरून लॉक केली आणि मला आत ठेवून निघून गेले. म्हणाले, गरम म्हणजे काय ते कळू दे तुला.

अण्णा : किती वेळ?

लेक : घड्याळ नव्हतं. मी काचेवर हात आपटत होते. एक बाई थांबली, तेवढ्यात हे आले. हसून तिला म्हणाले, चावी आतच राहिली हो.

अण्णा : मला का नाही सांगितलंस?

लेक : तुम्ही दर वेळी घरी आलात की म्हणायचात, काय टापटीप ठेवलंय जावयांनी, सगळं कसं नवं कोरं. मग काय सांगू? आरसा नवा होता, कारण जुन्यावर माझं डोकं आपटलं होतं. न्हाणीघराचं दार नवं होतं, कारण मी आतून कडी लावली होती.

अण्णा : तिने हेच लिहिलं होतं.

लेक : कुणी?

अण्णा : त्याच्या पहिल्या बायकोने. स्थळ आणणाऱ्यांनी सांगितलं होतं, ती जरा वेडसर होती, निघून गेली. बारा दिवस आधी तिचं पत्र आलं. दोन पानं, स्वच्छ अक्षर. लिहिलं होतं, तो मारतो. आणि मोडलेली वस्तू दुसऱ्या दिवशी नवी आणतो. त्याच्या घरात काय काय नवं आहे तेवढं बघून या, आणि विश्वास बसत नसेल तर मला उलट टपाली विचारा. खाली पत्ता होता.

लेक : तुम्ही विचारलं नाही.

अण्णा : नाही.

लेक : का?

अण्णा : तो तुला बघायला आला होता ना, तेव्हा तुम्ही चहा घेत बसला होतात आणि मी बाहेर जाऊन त्याच्या गाडीचं बॉनेट उघडलं होतं. ऑइल स्वच्छ, पट्टे नवे, बॅटरीच्या टोकांना ग्रीस लावलेलं. म्हटलं, गाडीला इतका जपतो तो माणसाला जपेलच. गाडीवरून मी माणसं ओळखतो, असा मला माज होता. पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. स्पॅनरच्या सेटखाली. फेकलं मात्र नाही, म्हणजे कुठेतरी मलाही...

लेक : अण्णा. ते आले. सहा नाही वाजलेत अजून.

जावई : काय अण्णा, झाली का? म्हटलं, बघू तरी बापलेकीचं गुळपीठ कुठवर आलंय. अरे, सगळं उचकटून ठेवलंत की.

अण्णा : दोष सापडला.

जावई : वा. मग बसवा आणि द्या.

अण्णा : मोटर फुटलीय. समोरून लोखंड मारल्यामुळे.

जावई : प्लास्टिक हो ते, तडकतं उन्हाने. आणि हिचा बटणांशी सारखा चाळा. तुम्ही राहू द्या, मी दुसरीकडे करून घेतो. चल गं, बस. बस म्हटलं ना.

लेक : नाही.

जावई : काय म्हणालीस?

लेक : नाही येत मी.

जावई : हे बघा अण्णा, हिला समजवा. समोर टायरवाला बघतोय, त्याची माणसं बघतायत. तमाशा मला आवडत नाही.

अण्णा : मलाही नाही आवडत. मी उभ्या आयुष्यात कुणाशी मोठ्याने बोललो नाही. आताही बोलत नाही. हिच्या बाजूच्या दारावर हात ठेवून फक्त उभा आहे.

जावई : हात काढा.

अण्णा : तुमच्या पहिल्या बायकोने मला पत्र लिहिलं होतं.

जावई : त्या सटवीने? काय लिहिलं?

अण्णा : खरं तेच.

लेक : अण्णा, पलीकडच्या दारातून सीटखाली हात घातलाय त्यांनी. अण्णा, बाजूला व्हा!

जावई : दोघांनाही उभं चिरीन इथे. हात काढ, म्हाताऱ्या.

अण्णा : नाही काढत.

(दांडा दोनदा बसतो. पहिल्यांदा काचेवर, दुसऱ्यांदा दारावर ठेवलेल्या हातावर.)

लेक : टायरवाले काका! काका, धावा! अण्णा, बोटं हलतायत का? नका बघू तिकडे, माझ्याकडे बघा.

जावई : आता तू. ये.

लेक : पुढे या. या ना. माझ्या हातात चाकाचा पाना आहे. गुडघ्यावर घालीन, मग दुसऱ्या गुडघ्यावर घालीन. मी आज मान मागे घेणार नाही.

जावई : तुझी एवढी...

लेक : एक पाऊल. टाकून बघा.

जावई : चावी कुठाय?

लेक : गाडीलाच आहे. बसा आणि जा.

जावई : चालू का होत नाही ही? ए, का होत नाही?

अण्णा : स्टार्टरचा फ्यूज माझ्या खिशात आहे. तिची बाही बघितली तेव्हाच ठरवलं होतं, ही गाडी आज हिला घेऊन इथून हलणार नाही.

लेक : काका, तो दांडा आधी काढून घ्या त्यांच्या हातातून. हां. धरून ठेवा. मी पोलिसांना फोन लावते.

*

लेक : दुखतंय?

अण्णा : प्लास्टरच्या आत खाज सुटलीय, त्यापेक्षा दुखणं परवडलं. ठाण्यातून कोण आलं होतं?

लेक : साहेब आले होते. गाडी घेऊन गेले. फुटकी मोटर आणि दांडा वेगळा पिशवीत घातला. साहेब विचारत होते, दोष ओळखणारे मेस्त्री साक्ष देतील का.

अण्णा : चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

लेक : द्याल ना पण?

अण्णा : देईन. चिकटलेल्या जिभेने देईन. तू तो ड्रॉवर उघड. स्पॅनरच्या सेटखाली बघ.

लेक : हे? किती नीट लिहिलंय हो. एकही खाडाखोड नाही.

अण्णा : वहीतलं पान फाड आणि लिहायला घे. माझा उजवा हात गेलाय, नाहीतर मीच लिहिलं असतं. म्हणजे लिहिलं असतं की नाही, कुणास ठाऊक. तीन वर्षं दोन्ही हात शाबूत होते.

लेक : सांगा.

अण्णा : तुमचं पत्र वेळेवर मिळालं होतं.

लेक : ...मिळालं होतं. पुढे?

अण्णा : तुम्ही लिहिलेलं अक्षरन्‌अक्षर खरं होतं. मी ते वाचून ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्याची झळ माझ्या मुलीला बसली. तुम्हाला लोक वेडसर म्हणाले, मीही तेच खरं मानलं. क्षमा करा असं लिहायचं का नको?

लेक : तुम्हाला काय वाटतं?

अण्णा : नको. ते मागणं झालं. तिने काहीच मागितलं नव्हतं, नुसतं विचारा म्हणाली होती. असं लिही, मुलगी माझ्याजवळ आहे. जिवंत आहे. आणि कोर्टात तुमची साक्ष हवी असेल तर... नाही, खोड ते. तिला पुन्हा त्यात ओढायला नको.

लेक : खोडत नाही. मी माझ्या नावाने खाली विचारते. नाही म्हणायची तिला मोकळीक आहे.

अण्णा : तू म्हणशील तसं. पत्ता तोच असेल का गं अजून?

लेक : नसेल तर परत येईल.

अण्णा : मग पाकिटामागे आपला पत्ता घाल. गॅरेजचा नको, घरचा. तुझं नाव वर, माझं खाली.

लेक : घातला. तुम्ही बसा, कोपऱ्यावरच टपालपेटी आहे, मी टाकून येते.

अण्णा : मी येतो. हळू चाल जरा.

लेक : हे घ्या. तुम्हीच टाका, डाव्या हाताने.

अण्णा : फट अरुंद आहे. धर जरा झाकण. हं. पडलं का आत?

लेक : पडलं.

अण्णा : नक्की? अडकलं नाही ना कुठे?

लेक : नाही अण्णा. आवाज आला.

अण्णा : मग आता काढून घेता येणार नाही.

लेक : नाही.

अण्णा : बरं झालं. चल.