काड्याईचा भाव

माहं माहेर अल्लीपूरकडचंच, इथून तीन कोस, बाप सालदार होता, सारा जन्म दुसऱ्याच्या वावरात गेला त्याचा, अन् माय-बापानं धम्म घेतला तवा मी आठेक वर्साची असंन. शाळा दुसरीलोकच शिकली. मंग लग्न होऊन या गावात आली त इथंच राह्यली. आमचे हे माणूस चांगले, बोलाले कमी, कामाले पक्के. पण ताई, तुमी मशीनचं इचारून राह्यल्या ना, त मशीनच्या आधी मले शांताचं सांगा लागते, तिच्याबिगर मशीनची गोष्ट होतच नाई.

शांता आमच्या शेजारची. तिचा माणूस हिंगणघाटले कापसाच्या जिनात कामाले होता, आठवड्याले घरी ये. मी नवी नवरी, चूल फुकता येत नोती मले, धुरानं डोळे लाल व्हायचे, अन् ही भिंतीवरून पाहे अन् हासे. मंग एक दिवस म्हणे, सुमन, चाल माह्यासंगं धुऱ्यावर. तवापासून आमी दोघी जोडीनं. उन्हाळ्यात कास्तकार धुरे, म्हंजे वावराचे बांध, साफ करून घेत, बोरी, बाभळी, घाणेरी, सारं काटेरी रान, अन् आमी ते गुत्त्यानं घेत होतो. रोजानं नाई, गुत्त्यानं. एवढा धुरा, एवढे पैसे.

अन् भाव सांगावा त शांतानंच. काय सांगू तुमाले, मालक म्हणे, सांग वं, काय घेशीन? ही एकदम तोंड उघडतच नसे. म्हणे, पाहून येते. इकून तिकून सारा धुरा चाले, रस्त्याच्या बाजूनं बी अन् मांगच्या बाजूनं बी, कावून का मालक नेहमी सोपी बाजू दाखवते. बोरीच्या बुडाले पायानं दाबून पाहे, जुनी हाय का औंदाची. अन् मंग इचारे, काड्या कोनाच्या? जाड लाकडं मालकाची, त्यात आमचं काई नाई, पण बारीक काड्या आमच्या असल्या त भाव कमी करे. मांगून गावातल्या सात-आठ बाया येत, म्हाताऱ्या, रांडमुंड, ज्याईले कोनी कामावर घेत नाई अशा, त्या काड्याईचे भारे बांधून नेत. त्याईले मजुरी नोती, फक्त काड्या. शांता म्हणे, पैशानं मीठ-तेल येते सुमन, चूल त काड्यानंच पेटते.

मंग सुबाभूळ आली. जो तो सुबाभूळ लावून राह्यला होता, धुऱ्यावर, नाल्यावर, म्हणत ढोराले चारा, वावराले खत. ते झाड कापलं का दुप्पट वाढे. कास्तकार म्हणत, नुसतं तोडून काय करू, बारीक करून द्या. तवा आमच्या ह्याईनं आयकलं का सेवाग्रामच्या रस्त्यावर एका गवळ्यानं गोठा मोडला, त्याची चारा कापाची कुट्टी मशीन इकाची हाय, इंजिनासकट. मी माह्या दोन बकऱ्या अन् पायातले चाळ इकले. अन् शांताले म्हटलं, तू चाल पाहाले, मले त्यातलं काई समजत नाई. ती म्हणे, मले तरी कुठी समजते, पण चाल.

गवळी लय गोड बोले. म्हणे, दोनच वर्स वापरली बाई, नवीच समजा. वरून हिरवा रंग मारलेला, चकाचक. आमचे हे खूश. शांता खाली बसली, मशीनच्या बुडी वाकून पाह्यलं, नखानं रंग खरडला त आत जंग. मंग तिनं ते मोठं चाक हातानं फिरवलं अन् सोडून देल्लं, अन् डोळे मिटून आयकत बसली. म्हणे, भाऊजी, हे चाक लंगडते. मंग गवळ्याले म्हणे, इंजिन चालू कर दादा. आमी येतायेता सुबाभळीची एक हिरवी फांदी आणली होती, ते मशीनच्या तोंडात घातली. दुसऱ्या बाजूनं जे पडलं ते तिनं उचललं अन् गवळ्याच्या हातावर ठेवलं, सालटे लोंबून राह्यले होते. म्हणे, हे कापत नाई दादा, हे चावते. गवळ्याचं तोंड एवढंसं झालं. जे सांगत होता त्याच्या निम्म्यावर आला. पातं हिंगणघाटच्या लोहारानं धार लावून देल्लं, चाक सरळ केलं, अन् मशीन आमची झाली. येताना बंडीत शांता मशीनले टेकून बसली होती, म्हणे, सुमन, आता आपण म्हाताऱ्या झालो तरी काम सुटत नाई. लय हासलो आमी त्या दिवशी. आजबी ते बंडी मले दिसते ताई, डोळे मिटले का दिसते.

पहिलं वर्स चांगलं गेलं. बंडीच्या हिशोबानं भाव, पाला अन् कवळ्या फांद्या मशीनले, काड्या बायाईले. मंग नाल्याकडचा एक मोठा कास्तकार आला. त्याच्याजवळ सुबाभूळ अर्ध्या कोसाची. म्हणे, मले काडी-काडी बारीक पायजे, खताच्या खड्ड्यात घालाची हाय, मांगं काई सोडाचं नाई, भाव दुप्पट देतो. शांता माह्या बाजूले उभी. मी तिच्याकडं पाह्यलं नाई. आमच्या घरावर तवा गवत होतं, दर पावसाळ्यात गळे, मले कवेलू टाकाचे होते. मी धुरा पाह्यला नाई, मांगची बाजू पाह्यली नाई, एकदम म्हटलं, हो, सारं कापून देतो.

सात-आठ बाया दोऱ्या घेऊन आल्या अन् उभ्या राह्यल्या. मशीन चालून राह्यली, सारं त्याच्यात जाऊन राह्यलं. शांता म्हणे, सुमन, ह्या कशानं सैपाक करतीन? मी म्हटलं, इकत घ्या म्हणा. तुले त पैसे जास्त भेटून राह्यले ना? ती म्हणे, मले भेटतीन वं. त्याईले? मी म्हटलं, साऱ्या गावाच्या चुलीचा ठेका मी घेतला का? असं म्हटलं मी. माह्याच तोंडानं. तिनं इळा कमरेले खोचला, त्या बायाईले म्हणे चाला, अन् गेली. दुसऱ्या दिवशी आली नाई. मी बी बलवाले गेली नाई. भिंत एक होती आमची, पण चार महिने बोललो नाई, अन् मंग तिच्या माणसाचं जिनातलं काम सुटलं, ते लोकं बल्लारपूरकडं खाणीवर गेले. जायच्या दिवशी मी घरात होती, बंडी भरल्याचा आवाज आयकू येत होता, अन् मी डाळ निवडत बसली. कावून नाई उठली मी? आजलोक सांगता येत नाई मले.

कवेलू पडले घरावर. पाणी गळनं बंद झालं. पण पुढच्या उन्हाळ्यात मले धुऱ्यावर एकटीले भाव सांगता येईना, कोनी इचारलं का मी उगाच बाजूले पाहो. तवा मी ह्याईले म्हटलं, अंगठ्याएवढी काडी मशीनच्या तोंडात घालाची नाई, ते बायाईची. हे म्हणे, गिऱ्हाईक तुटंन. म्हटलं तुटू द्या. दोन तुटले, बाकीचे राह्यले.

तीन-चार वर्सांनी गिरडच्या टेकडीवर दर्ग्याले गेलती मी, तिथं नवस फेडाले सारेच जातात. पायऱ्या चढून राह्यली होती, अन् वरून शांता उतरून राह्यली. वाळली होती लय. मले पाहून म्हणे, सुमन, तू जाडी झाली वं. बसलो दोघी पायरीवरच. म्हणे, मशीन चालते का? म्हटलं चालते. म्हणे, भाव काय घेतं? मी सांगतला, अन् काड्याईचं बी सांगतलं. ती म्हणे, कवापासून? म्हटलं, तू गेली त्याच्या दुसऱ्या वर्सापासून. म्हणे, बरं केलं. मी म्हटलं, चाल ना गावाले, घर तसंच हाय तुहं. ती म्हणे, तिकडं कोळसा भेटते वं, काड्या लागतच नाईत आता. अन् हासली, पण ते हासणं पहिलेचं नोतं. खालून तिच्या माणसानं आवाज देल्ला, मोटार सुटून राह्यली म्हणून. ती उठली, माह्या डोक्यावर हात ठेवला, जशी मोठी बहीण ठेवते, अन् उतरून गेली. पत्ता इचाराचा राह्यला ताई. माफी मांगाची राह्यली.

आता काम बरं चालते. दर वर्साले गिरडले जातो, पायरीवर घडीभर बसतो, येणारे-जाणारे पाहतो. दिसली नाई. नसंन येत. तुमी गावोगाव फिरता, बल्लारपूरकडं कधी गेल्या अन् एखादी उंच, सावळी शांता भेटली, बोलाच्या आधी खाली पाहणारी, त माह्याबद्दल काई इचारू नका तिले. ती बरी हाय का, तेवढंच पाहून येजा.