पास झालेले बोल्ट

नाव वर नोंदल्याप्रमाणे, वय ४३ वर्षे, धंदा नोकरी, बोल्टच्या कारखान्यात चाचणी विभाग, राहणार कारखान्यामागची कामगार वसाहत. समक्ष विचारल्यावरून सांगते की, मालाची लिफ्ट कोसळून मयत झालेला फिटर माझा धाकटा दीर होता. आम्ही एकाच कारखान्यात कामाला होतो आणि एकाच घरात राहत होतो.

माझे काम असे. प्रत्येक लॉटमधून थोडे बोल्ट काढून मी ते मशीनमध्ये ताणते, ठरलेल्या भाराच्याही पुढे, तुटायच्या बेतात येईपर्यंत. टिकले की लॉट पास. पण ताणलेला बोल्ट स्वतः कामातून जातो. दिसायला धडधाकट, पण पुन्हा भार आला की दगा देणार. म्हणून तो लगेच ग्राइंडरवर कापून भंगारात टाकायचा, अशी आमच्याकडे पहिल्यापासून रीत होती.

मागच्या वर्षी नवे मॅनेजर आले. गिऱ्हाइकाला काय तुकडे दाखवायचे, असे म्हणून त्यांनी ताणलेले बोल्ट न कापता, डोक्यावर हिरवा ठिपका देऊन काचेच्या कपाटात मांडायला लावले. मी म्हटले, निदान ठिपका लाल द्या, कोणीतरी चुकून वापरेल. त्यावर ते हसून म्हणाले, बाई, तुम्हाला जिथेतिथे भुतं दिसतात. पुन्हा सांगायला गेले तेव्हा, चाचणी तुमची, कपाट माझे, असे उत्तर मिळाले. पालथ्या घड्यावर पाणी.

घटनेच्या दिवशी सकाळी लिफ्टच्या वरच्या कप्पीचे बोल्ट बदलायचे होते. मी तेव्हा माझ्या मशीनवर होते. स्टोअरमध्ये त्या मापाचे बोल्ट शिल्लक नव्हते. स्टोअरवाले काका सांगतात की, मॅनेजर त्यांच्यादेखत दिराला म्हणाले, "कपाटातले घे की. पास झालेलेच आहेत." काका हे इथे येऊन सांगतील की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनाही घर चालवायचे आहे.

दिराने ते बोल्ट बसवले. दुसऱ्या कोणाला चढू देण्याआधी माल भरून तो स्वतः आत उभा राहिला. तो तसाच होता. घरात पंखा बसवला तरी पहिल्या रात्री त्याखाली स्वतः झोपायचा, आणि आम्ही त्याला हसायचो. लिफ्ट वरच्या मजल्याशी पोचता पोचता कप्पी निसटली. आवाज ऐकून मी धावले. फरशीवर तुटलेल्या बोल्टचे डोके पडले होते, त्यावर हिरवा ठिपका होता. ते मी उचलले नाही, नंतर पंचांसमोर जप्त झाले आहे.

दिराचा तेरावा होतो न होतो तोच मॅनेजर घरी आले. मयताने बोल्ट कोणाला न विचारता घेतले, एवढे मी सांगितले तर माझ्या जावेला कंपनीत चिकटवतो म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण सांत्वनाला येऊन मारलेल्या पहिल्यांदाच ऐकल्या. मला त्यांची किळस आली. जाऊ आतून सगळे ऐकत होती. तिनेच बाहेर येऊन दार उघडून धरले, आणि ते गेले.

मयत शेवटी काही बोलला काय, असे विचारल्यावरून सांगते की, दवाखान्यात तो थोडा वेळ शुद्धीवर होता. त्याने विचारले, "वहिनी, ते तू पास केलेलेच होते ना?" मी हो म्हणाले. ते खरेच होते. पुढचे सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात तो म्हणाला, "मग आवळताना माझंच काहीतरी चुकलं असेल." डॉक्टरांनी मला बाहेर काढले. परत आत गेले तेव्हा ऐकायला तो नव्हता. त्याचे काही चुकले नव्हते. हे त्याला सांगायचे राहिले, म्हणून इथे सांगते.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'मयताच्या चुकीमुळे' असे शब्द आले होते, ते मी खोडायला लावले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, आणि खोडलेल्या जागी माझी सही आहे.