वाळूत थांबायचं न्हाई

आकाराम : आये, चाकाम्होरनं बाजूला हो. आन जरा गप बस.

साळूबाई : आरं, पर झालं काय? मिल्ट्रीच्या लिलावातली गाडी ही, चारी चाकं ओढत्यात म्हणून गावभर सांगत हुतास न्हवं?

आकाराम : चारी ओढत्यात, म्हणूनच चारी रुतल्यात. वाळूत शिरताना म्या काय सांगितलं हुतं? काठावर टायरातली हवा कमी केली, आन म्हणलं, आता आभाळ कोसळलं तरी पल्याड जाईस्तवर गाडी थांबायची न्हाई. सांगितलं का न्हाई?

साळूबाई : सांगितलंस.

आकाराम : मग बाजूला पाणी दिसल्याबरोबर 'थांब, थांब' करून माझा हात का धरलास?

साळूबाई : पोटुशी सून नदी वलांडती, येरळामाईची वटी भराय नगं? मागल्या खेपंला घाईनं तशीच नेली, आन पोर हातात आलं ते निळं. तू बघितलं न्हाईस, तू लढाईवर हुतास. माझ्या ह्या हातात हुतं ते.

आकाराम : मग काठावर भरायची हुतीस.

साळूबाई : काठावर पाणी कुठं हाय रं? वैशाखात समदी वाळूच. वटी पाण्याला भरायची असती, वाळूला न्हाई.

रंगू : अवं... अजून किती येळ?

आकाराम : निघालोच रंगे. तू मागं गप पडून ऱ्हा.

साळूबाई : कळा कशा हायती गं?

रंगू : मगाशी एक लय जोरात आली, आत्याबाई. तवापास्नं न्हाई.

साळूबाई : आकाऱ्या, हिकडं ये. हळू बोल. कळा थांबणं चांगलं न्हवं. राच्च्यापास्नं आडलीय पोरगी, सुईणीनं हात टेकलं. दिस कलायच्या आत मिरजंला डाक्टराम्होरं न्हिऊन घालाय पायजे. मघागत दाब की जोरात!

आकाराम : मगा दाबलं तीच तर चूक झाली. रंगी वरडली आन माझा पाय आपसूक खाली गेला. चाक जाग्यावर फिरलं की आपलाच खड्डा खांदतंय. खाली वाकून बघ, गाडीचं पोट टेकलंय वाळूला.

साळूबाई : आन मग आफ्रिकेच्या वाळवंटात तीन वर्सं काय केलंस?

आकाराम : दारूगोळा वाहिला. एकदाबी रुतलो न्हाई गं. गाडी शिकवणारा उस्ताद म्हणायचा, पाय हलका ठेव, वाळूला कळू दिऊ नगं तू आल्याला. पर तवा मागं पेट्या हुत्या, आये. आज मागं रंगी हाय.

साळूबाई : ...सांग. काय करू म्या?

आकाराम : वटीचं ताट घे. चाकाम्होरची वाळू उपसून काढ, उतार कर. मी आनखी हवा सोडतो.

साळूबाई : आरं, टायर पार चपटं व्हतील की!

आकाराम : चपटंच व्हाय पायजेत. उंटाचा पाय बघितलायस का? पसरट असतोय, म्हणून वाळूत रुतत न्हाई. उपस तू. हात भाजत्यात का?

साळूबाई : भाजू देत. तू तुझं बघ.

आकाराम : तिकडं चाकाखाली टाकाय लोखंडी पट्ट्या असायच्या आमच्याकडं. हितं काय टाकू? बाभळीचं फाटंबी न्हाई आसपास.

साळूबाई : दोन वाकळा हायती. एक रंगीखाली. दुसरी घे.

आकाराम : ती मागल्या चाकांना झाली. म्होरच्यांना?

साळूबाई : हे घे.

आकाराम : आये, हे तर वटीचं लुगडं! पैसं साठवून तू इचलकरंजीस्नं आणल्यालं...

साळूबाई : नवं हाय, दाट इणीचं हाय. न्हाईतरी येरळंलाच द्यायचं हुतं. घाल चाकाखाली.

आकाराम : आता नीट ऐक. तू खालीच ऱ्हा. वाकळ सरकली तर ढकल. आन एकदा का गाडी हलली...

साळूबाई : तर मला चढाय यायचं न्हाई. ठावं हाय. थांबायचं न्हाई.

आकाराम : पल्याड काठावर थांबतो मी.

साळूबाई : काठावरबी नगं. पाव कोस वाळू तुडवत ही म्हातारी कवा पोचायची? तासगावच्या सडकंला लाग आन थेट मिरज गाठ.

आकाराम : आन रंगीजवळ कोण?

साळूबाई : ...कोण न्हाई. तू म्होरनं बोलत ऱ्हा तिच्याशी.

रंगू : आत्याबाई, मला एकटीला भ्या वाटतंय.

साळूबाई : माझं चुकलं गं रंगे. माझ्यापायी रुतली गाडी. जल्माची सल लावून घेतली म्या.

रंगू : असं म्हणू नगा. पाणी दिसलं तवा मीबी मनात तेच म्हणत हुते, की ह्यांनी थांबावं.

आकाराम : धरून ऱ्हा, रंगे. चालू करतोय.

[गाडी गुरगुरते, कचरते आणि मुंगीच्या पावलानं पुढं सरकू लागते.]

साळूबाई : हलली! आकाऱ्या, हलली! जा बाबा, मागं बघू नगंस!

रंगू : अवं, आत्याबाई मागं ऱ्हायल्या.

आकाराम : व्हय. मला मागं वळता येत न्हाई. तू बघ आन सांग मला.

रंगू : लुगडं उचललं त्यांनी. वाळू झाडत्यात... पाण्याकडं निघाल्यात.

आकाराम : आन?

रंगू : सोडलं पाण्यात. नारळबी सोडला. हात जोडून उभ्या हायती.

आकाराम : कळ आली का गं?

रंगू : न्हाई.

आकाराम : पोटात हलतंय?

रंगू : ...कळत न्हाई. डोळं मिटाय लागल्यात माझं.

आकाराम : मिटायचं न्हाई. काठ आला बघ, ही बाभळ दिसाय लागली. आय काय करती सांग.

रंगू : लय बारीक दिसत्यात आता...

आकाराम : बोलत ऱ्हा, रंगे. थांबू नगंस.