जन्मनोंदवहीची हरवलेली खिडकी

नाव : एलादिओ इन्सफ्रान. वय : ५८ वर्षे. धंदा : संगणक वर्गाचे शिक्षक. राहणार : चर्चच्या मागे, सान फर्मिन, पाराग्वाय.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, संगणकाच्या पडद्यावरची खिडकी दिसेनाशी झाली तरी खालच्या पट्टीवर तिचे चिन्ह उजळलेलेच राहते, हे आपल्याही नजरेस आले असेल. खिडकी नाही, तर चिन्ह कोणाचे? या साध्या कोड्यापायी नोंदणी कचेरीतील कारकून ब्लासिदा ओर्तिगोसा आज सकाळपासून आपल्या कोठडीत आहेत. सोळा वर्षांच्या जन्मनोंदी त्यांनी पुसल्या, असा आरोप आहे.

ब्लासिदाबाईंच्या टेबलावर दोन पडदे असत. नोंदवही त्या कायम डावीकडच्या पडद्यावर उघडत. काल फुटबॉलचा सामना असल्याने कचेरीचे प्रमुख डॉन एवारिस्तो यांनी तोच पडदा स्वतःच्या खोलीत नेला. राष्ट्रीय कर्तव्यापुढे जन्ममृत्यू गौण असतात, हे मला मान्य आहे.

नोंदवहीचा प्रोग्राम जुना व अत्यंत इमानी आहे. शेवटी जिथे होता, तिथेच तो पुन्हा उघडतो. आजही तो डावीकडेच उघडला. तिथे आता भिंत आहे, हे त्याला कोणी कळवले नव्हते.

८.१० वाजता डॉन एवारिस्तो यांना समोरचा पडदा रिकामा दिसला. ८.१५ पर्यंत त्यांचा तपास पूर्ण झाला. मला ८.४० वाजता बोलावले. हवालदार गाउतो तेथे हजर होते.

मी म्हणालो, "नोंदवही उघडी आहे. चिन्ह बघा."

डॉन एवारिस्तो म्हणाले, "प्रोफेसर, दिसत नाही म्हणजे नाही!"

"साहेब, काल सामना सुरू असताना आपणही टेबलावर दिसत नव्हतात. आम्ही लगेच मृत्यूची नोंद केली का?"

ब्लासिदाबाई म्हणाल्या, "करायला हवी होती, प्रोफेसर. रकाना मोकळाच होता."

मी संगणकाला हात लावू लागताच डॉन एवारिस्तो ओरडले, "पुरावा आहे तो!" त्यांनी कळफलकावर चिकटपट्टी मारली. हवालदारांबरोबर जाताना बाई एवढेच म्हणाल्या, "पडदा तुम्ही उचललात, डॉन एवारिस्तो, आणि चोर मी." त्यांचा तेरेरेचा, म्हणजे बर्फ घालून प्यायच्या आमच्या थंड पेयाचा, थर्मास टेबलावरच राहिला. तो मी सोबत आणला आहे. बर्फ वितळले आहे.

हा जबाब टाइप करताना ११.०५ वाजता हवालदारांचा हात चुकून कुठेतरी पडला आणि जबाब पडद्यावरून नाहीसा झाला. ते म्हणाले, "अरे देवा, पुसला की हो मी!" त्यांना कोणीही अटक केली नाही. मी त्यांना 'ऑल्ट' दाबून धरून 'टॅब' दाबायला सांगितले. उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्यांची छोटी चित्रे रांगेने आली. जबाब त्यांत होता. पत्त्यांचा एक डावही होता, त्याविषयी मला काही सांगायचे नाही.

माझी विनंती एवढीच की, नोंदणी कचेरीतली चिकटपट्टी काढून याच दोन कळा तिथे दाबाव्यात. नोंदवहीचे चित्र आले, तर ब्लासिदाबाईंना सोडावे. न आले, तर त्यांच्या जागी मला बसवावे. मी येथेच थांबतो.

परत सापडलेला हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तेच त्यात आहे.