शेपटीकडची दोरी

सासरे: नाही हो जावईबुवा, त्याआधी विमान पांढरं आणि तपकिरी होतं. निळा पट्टा आला तो तुमच्या लग्नाच्या वर्षी. आकड्यातलं साल मला नका विचारू, मला लग्न आठवतंय. अल्बम काढून बघा, माझ्या नखांत निळा रंग दिसेल.

जावई: आमच्या आईनं तेव्हा माझ्या कानात विचारलं होतं, मुलीचे वडील शाईच्या कारखान्यात आहेत का रे?

सासरे: विचारणारच. दगडानं घासलं तरी निघत नाही तो.

जावई: मग वर्ष जुळलं, बाबा. माझ्याकडचे फोटोही तेव्हाचेच आहेत. या, इथे खुर्चीत बसा. चष्मा लावा.

सासरे: हे काय? विमान कुठाय?

जावई: कॉम्प्युटरवर विमानं उडवायचा खेळ असतो ना, त्यातलं हेच विमान. ही डावी बाजू, ही उजवी, हे पंख, ही शेपूट. असं उलगडून सपाट केलेलं असतं. यावर मी रंग द्यायचा, मग कॉम्प्युटर ते विमानावर परत चढवतो.

सासरे: कातडं सोलून वाळत घातलंय जणू.

जावई: तसंच समजा. थांबा, चढवतो. हं, आता बघा.

(सासरे खुर्ची पुढे ओढतात.)

सासरे: अहो, हे तर आमचंच की!

जावई: तुमचंच. तुमच्या हँगरमधलं तीन नंबर.

सासरे: आणि मी थोरलीला म्हणत होतो, तुझा पन्नाशीला आलेला नवरा मागच्या खोलीत बसून विमान विमान खेळतो.

जावई: तिनं सांगितलंय मला.

सासरे: सांगणारच. तिच्या पोटात काही राहत नाही.

थोरली: ऐकतेय मी. चहा ठेवलाय म्हणून गप्प आहे, नाहीतर आणखी काय काय म्हणाला होतात तेही सांगितलं असतं.

सासरे: जवळ आणता येतं का हे? या इंजिनापाशी. अजून थोडं. ही तेलाची ओघळ तुम्ही काढलीत?

जावई: फोटोत होती. नको का?

सासरे: नको कशी? होतीच ती. त्या इंजिनाला बारा महिने सर्दी. आम्ही पुसायचो, दुसऱ्या दिवशी नाक पुन्हा गळकं. आणि दाराखाली हे ओरखडे... शिडी लावताना लागायचे. जावईबुवा, तुम्ही कधी आला होतात हो तिथं?

जावई: कधीच नाही. मी ते विमान प्रत्यक्ष पाहिलेलंसुद्धा नाही.

सासरे: मग डोळे कुणाचे उसने आणलेत?

जावई: फोटोंचे. उजव्या बाजूचे भरपूर मिळतात, कारण विमानतळाच्या गच्चीतून बघणाऱ्यांना तीच बाजू दिसायची. डाव्या बाजूचे जवळजवळ नाहीतच. त्यामुळं सगळे काय करतात, उजवी बाजू उलटी करून डावीकडे चिकटवतात. हे विमान आधी चौघांनी केलंय, चौघांनीही तेच केलं.

सासरे: तुम्ही नाही केलंत.

जावई: मला झोप लागली नसती. एका निवृत्त शिक्षिकेकडे सहलीचे फोटो निघाले. मुलं रांगेत उभी, मागे विमानाची डावी बाजू. तीन फोटो. मुलांच्या डोक्यांवरून जेवढं दिसतं तेवढं घेतलं. चार महिने गेले त्यात.

सासरे: चार महिने! आम्ही खरं विमान अकरा दिवसांत रंगवायचो.

जावई: तुम्ही चौदा माणसं होतात, बाबा.

सासरे: तेही खरं. पण एवढी नजर चौदांतल्या एकाचीच होती. लंबूची. त्याला दाखवायला हवं होतं हे. खिडक्यांखालच्या पट्ट्यावरून फिरवा बघू. मागं चला, शेपटीकडं. हळू. मागचं दार...

जावई: काय झालं?

सासरे: हेसुद्धा काढलंत?

जावई: दिसलं ना तुम्हाला! मला वाटलंच होतं, तुम्हालाच दिसेल. दाराच्या पुढचा पट्टा बोटभर खाली येतो आणि दारामागचा वर राहतो. जोड बसत नाही. आधी मला वाटलं, माझंच माप चुकलं. मग तिन्ही फोटोंत खिडकीच्या कडेपासून मोजलं. तिन्हींत तेवढंच. आज दुपारी हे सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकणार आहे. हा खेळ खेळणाऱ्या आमच्या मंडळींत ही डावी बाजू आजवर कुणी बघितलेली नाही. म्हणून सोबत एक चिठ्ठीही लिहिलीय, नाहीतर लोक मलाच नावं ठेवतील. ही बघा.

सासरे: मला वाचू द्या. "डाव्या... बाजूला... मागच्या दारापाशी पट्टा... बोटभर खाली आहे. ही... चूक माझी नाही. ती मूळ... रंगाऱ्याची आहे."

जावई: जरा कडक झालंय का? तुम्हाला उद्देशून नव्हतं हो.

सासरे: सरळ करा तो पट्टा.

जावई: बाबा?

सासरे: तुमच्या हातात आहे ना आता? खरवडायला नको, घासायला नको. एक बोट वर घ्या. झालं.

जावई: तुमचं सगळं ऐकेन, हे नाही जमणार. जसं होतं तसंच करायचं, एवढा एकच नियम मी पाळतो. त्या बोटभर जागेसाठीच तर चार महिने बसलो.

सासरे: जे बघतील ते काय म्हणतील? कुणीतरी अडाणी रंगारी होता.

जावई: कोण होता?

सासरे: थोरली आत आहे?

थोरली: दारात उभी आहे. कप हातात आहेत. बोला.

सासरे: मग ऐक तूही. पट्टा मारायचा म्हणजे आधी खडू लावलेली दोरी. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, मधे उचलून सोडायची. रेघ उमटते. लंबू आणि मी, आमची जोडी. लंबूनं मारलेली रेघ पुसून पुन्हा मारावी लागली, असं मी एकदाही बघितलं नाही. श्वास रोखून धरायचा तो. त्या दिवशी शेवटचा तुकडा राहिला होता, पंखापासून मागच्या दारापर्यंत. पंखाकडं लंबू, शेपटीकडं मी. आणि साडेपाचची गाडी.

थोरली: कुठली गाडी?

सासरे: तुझ्या लग्नाला यायची. त्या गाडीनं आलो नसतो तर पोचलोच नसतो. शेपटीकडं विमानाचं पोट वर चढत जातं, तिथं डोळा फसतो. खिडकीपासून पट्टी लावून मोजायचं असतं. मी नाही मोजलं. नजरेनं धरली दोरी. लंबू ओरडला, मोजलंस का? मी म्हटलं, मोजलं. आणि पळालो.

जावई: आणि त्याच रेघेवर रंग दिला.

सासरे: लंबूनं दिला, रात्रपाळीत. माझ्या शब्दावर. सकाळी विमान बाहेर काढलं तेव्हा मुकादमानं बघितलं. विमान सुटायचं होतं, थांबवता येत नव्हतं. त्यानं विचारलं, शेपटीकडं कोण होतं? लंबू म्हणाला, मी.

थोरली: लंबूकाका माझ्या लग्नाला आले नव्हते. त्यांना ताप होता, असं म्हणाला होतात तुम्ही.

सासरे: रजा रद्द केली त्याची. मला परत गेल्यावर कळलं. तोवर त्याला जुना रंग खरवडायच्या कामाला लावलं होतं. ते औषध हातांना लागतं. पुढं बोटांना दोरी कळेनाशी झाली त्याच्या. पुन्हा कधी पट्ट्यावर नाही आला.

थोरली: आणि मी त्यांच्यावर रुसले होते. मी माहेरी असताना ते आले, की मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे. पाणीसुद्धा विचारलं नाही.

सासरे: त्याला ठाऊक होतं तू का रुसलीस ते. हसायचा नुसता.

जावई: तुम्ही मुकादमाला सांगितलं नाहीत?

सासरे: एकदा निघालो होतो सांगायला. लंबूनं बाही धरली. म्हणाला, तुझ्या धाकट्या दोघी अजून घरात आहेत, गप्प बस. मी बसलो गप्प. त्याचं ऐकलं म्हणून नव्हे, मला तेच हवं होतं. धाकट्यांची लग्नं झाली, विमान मोडीत निघालं, तरी बसलोच होतो. मला वाटलं होतं, विमानाबरोबर ती रेघही गेली. आणि तुम्ही ती शोधून काढलीत, जावईबुवा. एका बोटाचाही फरक न करता.

जावई: मला माहीत असतं तर...

सासरे: माहीत असतं तरी अशीच काढायला हवी होती. काम चोख आहे तुमचं. पट्टा राहू द्या. मघाशी म्हणालो ते विसरा. ती चिठ्ठी मात्र बदला.

जावई: सांगा, मी लिहितो.

सासरे: नको. मी लिहीन. अक्षरं कुठं आहेत?

थोरली: बाबा, तुम्हाला कॉम्प्युटरवर...

सासरे: तूच शिकवलंस ना मला साठीनंतर? तीस वर्षं छापा लावून विमानांवर कंपनीचं नाव रंगवलं आणि काय रंगवलं ते वाचता येत नव्हतं. आता येतंय, तर एकदा उपयोग होऊ दे. ‘श’ कुठाय?

जावई: हा. मात्रा इथे. चुकलं तर ही कळ दाबा, पुसलं जातं.

सासरे: पुसलं जातं होय? सोय आहे तुमची.

थोरली: चहा गार होतोय.

सासरे: होऊ दे. ‘र’... ‘ळ’... हं. आता तारीख. तारीख आकड्यात लिहू की अक्षरात?

जावई: तुम्हाला हवी तशी.

सासरे: अक्षरात. अकरा मार्च. झालं. थोरले, तू वाच. मोठ्यानं. चुकलं असेल तर सांग.

थोरली: "डाव्या बाजूला मागच्या दारापाशी पट्टा बोटभर खाली आहे. शेपटीकडची दोरी मी धरली होती. मोजली नव्हती, मोजली म्हणालो. पंखाकडची दोरी लंबूनं धरली होती. ती सरळ होती. लंबू यंदा अकरा मार्चला वारला."