ढाक्याच्या वर्गातली कविता

लाहोरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात शगुफ्ताच्या मागच्या बाकावर दोन म्हातारे नंबराची वाट बघत होते.

“मास्टरजी, उद्या राष्ट्रकवींची जयंती. शाळेत भाषणाला येताय ना?”

“नाही.”

“अहो, त्यांचं अख्खं काव्य तुम्हाला तोंडपाठ.”

“ढाका आपलं होतं, तेव्हा तिथं तेच शिकवायचो. एका बंगाली पोराला त्यातली उर्दू ओळ काही धड म्हणता येईना. हात सुजेस्तोवर छड्या मारल्या.”

“तेव्हा सगळेच मास्तर मारायचे हो. त्याचं काय एवढं?”

“तो म्हणाला होता, सर, आमच्या बंगालीतली एक म्हणून दाखवू? खरं तर छड्या त्यासाठी मारल्या.”

शगुफ्ता मागे न वळता ऐकत राहिली.

“कुठली कविता होती ती?”

“ऐकून घेतली असती, तर आज सांगितली असती.”