बोकडाचा अंक

—नाही ताई, मी आवाज चढवत नाहीये, माझा आवाजच असा आहे. तुम्ही फोन कानालाच धरा. वाजतोय अजून त्यातला बाजा? वाजू द्या. मासिकाचे कंपनीवाले कधीतरी उचलतील की, त्यांनाही घरी जायचंच असेल— तर काय सांगत होतो, बोकड. आमचा बोकड दूध द्यायचा. हसू नका. तुम्ही हसलात की मला आमचे व्याही आठवतात, आणि व्याही आठवले की डोकं फिरतं. बोकडच होता, शिंगं, दाढी, वास, सगळं जिथल्या तिथं— आणि खाली दोन सड, सकाळी वाटीभर दूध. व्याही चारचौघांत मला थापाड्या म्हणायला लागले. मग तुमच्या कॉलेजातले गुरांचे डॉक्टर आले, बघून गेले, पुन्हा आले, फोटो काढले, आणि मासिकात लेख लिहिला. मासिक म्हणजे कागदाचं नाही, या कॉम्प्युटरच्या डब्यातलं. मला काय वाचता येतंय त्यातलं? पण फोटो कळतो की माणसाला.

गेल्या वर्षी या लायब्ररीत तुमच्या जागी ते चष्मेवाले भाऊ होते, त्यांनी बसल्या बसल्या उघडून दाखवलं. म्हणाले, काका, कागदावर काढून देऊ? मीच खेकसलो त्यांच्यावर— घरी कशाला, घरी उंदीर आहेत, नातू आहे, इथंच राहू दे, कुठं पळून जातंय? आणि आज येऊन बघतो तर पळालंय. तुमचं म्हणणं काय, तर कॉलेजनं यंदा वर्गणी भरली नाही. बरं, नाही भरली. पुढचे अंक येणार नाहीत, एवढं मलाही कळतं. पण बोकडाच्या वर्षाची वर्गणी भरली होती ना? मग? रतीब बंद केला म्हणून गवळी प्यालेलं दूध परत मागायला येतो का? हां, मान हलवलीत, म्हणजे पटतंय. करारात लिहिलंय म्हणता— जुनी वर्षं तुमचीच? मग दरडावून सांगा की. तुम्ही फार गोड बोलता. द्या इकडे फोन. नको? बरं, राहिलं.

मला काय, व्याह्यांना दाखवायचंय. थापाड्या म्हणता ना, घ्या, बघा म्हणावं कशी हसतेय— बोकड. बोकडच म्हणालो मी. हसतेय म्हणालो? जीभ आहे, घसरते. बोकड कधी हसतो का, तो आपला चारा चावत उभा आहे. हसणारी दुसरी आहे, खाली बसलेली, कासेला हात लावून— आमची मंडळी. दुसऱ्या कुणाला तो अंगाला हात लावू द्यायचा नाही, म्हणून डॉक्टरांच्या फोटोत सापडली, नाहीतर कॅमेरा दिसला की गोठ्यामागे पळायची. आता बोकडाची धार काढायची म्हणजे हसू येणारच की. डॉक्टर म्हणतायत, काकू, हलू नका— आणि ही अशी हसतेय की सगळे दात दिसतात, पडलेल्या दाताची जागासुद्धा.

घरी फोटो नाही असं नाही. ती गेल्यावर सुनेने ओळखपत्रावरचाच मोठा करून भिंतीला लावला. त्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. जेवायला बसलो की समोरून बघत असते, जसं काही मीच केलंय. भांडायचो आम्ही, खोटं कशाला बोलू, भांडी आपटायची ती आणि मी दार— पण असं तोंड नव्हतं तिचं. नव्हतं. डॉक्टरांकडे तो हसरा फोटो मागितला असता, तर ते परदेशी गेले, नंबर लागत नाही. म्हणून वर्षाकाठी इथं येतो. बोकड बघायला. व्याही? व्याही गेले खड्ड्यात, त्यांना कोण दाखवतंय.

थांबला बाजा? उचलला? बोला, बोला, मी गप्प. वर्ष सांगा त्यांना. बोकड सांगा— नको, बोकड नका सांगू, फोन ठेवतील. काय म्हणतायत? चूक त्यांचीच? मग मी मघापासून काय... बरं, गप्प. उघडतात म्हणाले? आता? हे काय गोल गोल फिरतंय नुसतं. लेख आला. अक्षरंच आहेत सगळी, खाली घ्या. अजून खाली. अजून—

हात काढा, ताई, मधला.

...

ताई, तुम्ही चहा पिऊन या. येताना कागद आणा त्या यंत्रात घालायला. घाई नाही. मी आहे इथं, तुमचं कोणी काही नेत नाही. जा म्हटलं ना.